शंभर किलोमीटर, सरळ वर

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीहून नागपूर सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर आहे आणि अंतराळ १०० किलोमीटर. जगात बहुतेक ठिकाणी अंतराळाची सीमा समुद्रसपाटीपासून १०० किलोमीटरवर धरतात. तिला कार्मान रेषा म्हणतात. अमेरिकेतल्या काही संस्था तर ८० किलोमीटरवरच अंतराळ सुरू झालं असं मानतात. म्हणजे वैनगंगेच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला उपराजधानीपेक्षा अंतराळ जवळ आहे. हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा माझा विश्वास बसेना. नकाशा पुन्हा पाहिला, अंतर पुन्हा काढलं. आकडा तोच आला.

एवढ्या जवळची जागा असेल, तर तिथे काहीतरी पाठवावंसं वाटणारच. आणि पाठवायचं असेल तर मुलांना विचारावं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, विदर्भातली पोरं आपापला लाकडी नंदी सजवतात, दोरी धरून घरोघरी नेतात, ओवाळून घेतात आणि बोजारा गोळा करतात. चाकं लावलेला, शिंगं रंगवलेला, तळहातावर मावेल एवढा सागवानी नंदी साधारण १०० ग्रॅमचा भरेल. समजा, आरमोरीतल्या एखाद्या वर्गानं ठरवलं की यंदा आपला नंदी अंतराळात जाईल. हे कितपत जमेल? उत्तर फार सुंदर आहे. त्यासाठी आधी वर जाऊन आलेल्या खेळण्यांकडे बघायला हवं, कारण नंदी त्या वाटेवर एकटा नसेल.

डिसेंबर २००८ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी चार टेडी अस्वलं हेलियमच्या फुग्याला बांधून ३० किलोमीटर उंचीवर पाठवली. अस्वलांचे अंतराळपोशाख जवळच्या शाळांतल्या मुलांनी तयार केले होते. कुठला पोशाख थंडी जास्त अडवतो, हे मुलांना तपासायचं होतं, म्हणून प्रत्येक अस्वलाचं तापमान मोजलं जात होतं. जानेवारी २०१२ मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या दोन शाळकरी मित्रांनी लेगोचा एक इवला माणूस असाच फुग्यानं सुमारे २४ किलोमीटर वर नेला. पाठीमागे काळं आकाश, खाली वाकलेलं क्षितिज आणि मध्ये झेंडा धरून उभा असलेला तो प्लास्टिकचा माणूस, ही दृश्यं तेव्हा जगभर पाहिली गेली.

खऱ्या यानांतून गेलेली खेळणी वेगळी. ‘टॉय स्टोरी’मधला बझ लाइटइयर मे २००८ मध्ये डिस्कव्हरी यानातून अंतराळ स्थानकात गेला, पंधरा महिन्यांहून अधिक काळ तिथे राहिला आणि आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ५ ऑगस्ट २०११ रोजी निघालेल्या जुनो यानावर लेगोच्या तीन मूर्ती बसवल्या होत्या: ज्युपिटर, जुनो आणि हातात ग्रहाचा गोळा व दुर्बीण घेतलेला गॅलिलिओ. या मूर्ती प्लास्टिकच्या नाहीत, ॲल्युमिनियमच्या आहेत. गुरूपर्यंतच्या प्रवासात टिकाव लागावा म्हणून त्या खास बनवून घेतल्या. २०१६ च्या जुलैमध्ये जुनो गुरूभोवती फिरू लागलं. ज्यानं १६१० मध्ये गुरूचे चंद्र दुर्बिणीतून पाहिले, त्याची बोटभर उंचीची मूर्ती त्याच गुरूपाशी जाऊन पोहोचली.

आपल्या लोकांच्या सगळ्यांत जवळचं खेळणं म्हणजे ‘जॉय’. २५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला ॲक्सिऑम-४ मोहिमेतून निघाले, तेव्हा यानात एक छोटा पांढरा हंस होता. इंजिन थांबलं आणि तो हंस केबिनमध्ये तरंगू लागला. अंतराळवीर पट्ट्यांनी आसनाला घट्ट बांधलेले असतात, त्यामुळे आपण तरंगतोय की नाही हे त्यांना चटकन जाणवत नाही. खेळणं मात्र लगेच सांगतं. सोयुझ यानांत दोरीला खेळणं टांगायची प्रथा जुनी आहे, आणि पुष्कळदा ते खेळणं यानाच्या कमांडरचं मूल निवडतं. मे २०२० मध्ये अमेरिकेच्या क्रू ड्रॅगनमधून पहिल्यांदा माणसं गेली तेव्हा त्यांच्यासोबत टिकल्यांनी चमकणारा एक डायनोसॉर होता. तो दोन्ही अंतराळवीरांच्या मुलांनी दिला होता. आज यानात त्वरण मोजणारी कितीतरी उपकरणं असतात, तरी खेळण्याची जागा कुणी काढून घेतलेली नाही. मला यात फार मोठा आनंद वाटतो.

आता आपला नंदी. त्याला फुग्यानं पाठवायचं तर काय काय घडेल, ते क्रमानं बघू.

फुगा रबराचा, हवामान खातं वापरतं तसा. नागपूरहून भारतीय हवामान विभाग असेच फुगे रोज सोडतो. त्याला लटकवलेलं लहानसं यंत्र वर जाताना तापमान, दाब आणि आर्द्रता रेडिओवरून कळवत राहतं. जमिनीवर फुगा दोनेक मीटर रुंद असेल. खाली एक हवाई छत्री, त्याखाली थर्माकोलची पेटी, पेटीत कॅमेरा आणि जागा सांगणारं यंत्र, आणि पेटीबाहेर काढलेल्या पट्टीवर नंदी. हवाई छत्री कोशाच्या कापडाची शिवली तर? आरमोरी टसर रेशमासाठी ओळखली जाते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या किड्यांचा हा कोसा. पूर्वी हवाई छत्र्या रेशमाच्याच असत, नायलॉन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आलं. हे करून बघण्याजोगं आहे.

फुगा सेकंदाला पाचेक मीटर वेगानं चढतो. पहिल्या अर्ध्या तासात तो ढगांच्या वर जातो. दहा-बारा किलोमीटरवर प्रवासी विमानांची उंची येते. त्यानंतर जे घडतं ते भारतासारख्या उष्ण देशात फार ठळकपणे दिसतं. वर जावं तसं तापमान उतरत जातं, आणि आपल्याकडे १६-१७ किलोमीटरवर ते उणे ७५ ते उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतं. ध्रुवांकडच्या देशांत ही घसरण निम्म्याच उंचीवर थांबते. आपल्याकडे जमीन तापते, गरम हवा उंच उसळते आणि उंच जाताना प्रसरण पावून थंड होत राहते, म्हणून सूर्य जिथे सर्वाधिक तापतो त्या पट्ट्यावरचा हा थर पृथ्वीवर सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत थंड आहे. मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीचा पारा ४५ च्या पुढे असतो, आणि त्याच वेळी त्याच जमिनीच्या सरळ वर १६ किलोमीटरवर अंटार्क्टिकाच्या हिवाळ्याइतकी थंडी असते.

त्यानंतर तापमान पुन्हा वाढू लागतं. ओझोनचा वायू सूर्याचे जंबुपार किरण शोषतो आणि त्यानं तिथली हवा तापते. १९ किलोमीटरच्या वर दाब इतका कमी होतो की शरीराच्या उष्णतेवरच पाणी उकळतं. नंदी लाकडाचा आहे, त्याला याची भीती नाही. त्याच्यातला ओलावा थोडा निघून जाईल, एवढंच. फुगा मात्र फुगत राहतो. बाहेरचा दाब घटत जातो तसा आतला वायू पसरतो. ३० किलोमीटरवर त्याचं आकारमान जमिनीवरच्या साठेक पट झालेलं असतं, रुंदी चौपट, म्हणजे आठ मीटर. रबर कागदाहून पातळ झालेलं असतं.

आणि आता खाली बघा. ३० किलोमीटर म्हणजे आरमोरी ते गडचिरोली जेवढं अंतर, साधारण तेवढीच उंची. तिथून क्षितिज ६०० किलोमीटरहून दूर असतं. या वर्तुळात रायपूर येतं, जबलपूर येतं, हैदराबाद येतं. विशाखापट्टणम आरमोरीपासून ४६० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे पूर्व घाटापलीकडचा बंगालचा उपसागरही या वर्तुळात येतो. जिथून समुद्र बघायला पोरांना रेल्वेनं रात्रभर जावं लागतं, त्याच गावावर सरळ उभं राहिलं की समुद्र क्षितिजाच्या अलीकडे असतो. अट एकच: ३० किलोमीटर उंच उभं राहायचं. धूसर हवेमुळे तो दर वेळी दिसेलच असं नाही. पण वैनगंगा, तिचं वळण, इटियाडोहचं आणि गोसीखुर्दचं पाणी, काळपट हिरवं जंगल आणि कापणीनंतरच्या फिकट बांध्या स्वच्छ दिसतील. डोक्यावर दुपारचं आकाश काळं असेल. आकाशाचा निळा रंग हवेमुळे असतो, आणि ९८ टक्क्यांहून अधिक हवा आता पायाखाली राहिलेली असते.

त्या उंचीवर आधी कोण जाऊन आलंय? या प्रश्नाचं एक उत्तर थेट मराठी आहे. २० एप्रिल २००५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादमधल्या फुगा केंद्रातून एक प्रचंड फुगा सोडला गेला. त्याला निर्जंतुक केलेल्या नळ्या बांधल्या होत्या. २० ते ४१ किलोमीटरच्या दरम्यान त्या उघडून हवा भरून घ्यायची, आणि त्या हवेत काही जिवंत आहे का ते बघायचं, असा तो प्रयोग होता. जयंत नारळीकर त्याचे प्रमुख होते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आणि हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेत त्या नमुन्यांतून जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. त्यांतल्या तीन जिवाणूंची जात तोपर्यंत कुणालाच माहीत नव्हती. त्यांना खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल, इस्रो आणि आर्यभट यांची नावं दिली: जानिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस, बॅसिलस आर्यभट्टाय. जंबुपार किरणांपुढे ते त्यांच्या जवळच्या भाईबंदांपेक्षा अधिक टिकाव धरतात. ते पृथ्वीबाहेरून आले असा दावा शास्त्रज्ञांनी केला नाही. पण जिथे पाणी उकळतं, जिथे हवा जवळजवळ नाही, तिथे काही जीव तग धरून आहेत, हे त्या फुग्यानं दाखवलं. नंदीच्या शिंगावरून तेही जात असतील.

मग फुगा फुटतो. पहिली काही मिनिटं छत्रीला धरायला हवाच नसते, म्हणून नंदी फार वेगानं कोसळतो. हवा दाट होत जाते तसा छत्रीचा जोर येतो, आणि चाळीसेक मिनिटांत पेटी जमिनीला टेकते. सगळा प्रवास अडीच तासांच्या आत. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रामेश्वरमहून विद्यार्थ्यांनी बनवलेले शंभर इवले उपग्रह अशाच फुग्यांनी वर गेले होते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम फाउंडेशनच्या त्या उपक्रमात देशभरातली हजार मुलं होती, त्यात महाराष्ट्रातलीही. प्रत्येक उपग्रह २५ ते ८० ग्रॅमचा होता. नंदीहून हलका.

इथपर्यंत सगळं जमण्यासारखं आहे. पण मुलं विचारतील, आणि त्यांनी विचारायलाच हवं: नंदी अंतराळात गेला का?

नाही. सीमेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गेला. आणि उरलेल्या ७० किलोमीटरचाच प्रश्न असता तर तो सुटला असता. रॉकेट सरळ वर मारून १०० किलोमीटर ओलांडता येतात, पण वर गेलेली वस्तू काही मिनिटांत परत खाली येते. जॉयसारखं तरंगत राहायचं असेल तर उंची पुरत नाही. वेग लागतो. मला या सगळ्या विषयातली हीच गोष्ट सर्वांत थरारक वाटते आणि शाळेत ती कुणी एवढ्या ठळकपणे सांगितली नव्हती.

अंतराळ स्थानक ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या ८८ टक्के असतं, म्हणजे जवळजवळ तेवढंच. हंस तरंगतो तो गुरुत्व संपलं म्हणून नव्हे. हंस, यान आणि आतली माणसं, सगळी एकत्र पडत असतात. कुठलीही वस्तू सोडली की पहिल्या सेकंदात ती पाचेक मीटर खाली येते. आणि पृथ्वी गोल असल्यामुळे दर आठ किलोमीटरला तिचा पृष्ठभाग पाचेक मीटर खाली वळतो. तेव्हा एखादी वस्तू सेकंदाला आठ किलोमीटर आडवी गेली, तर ती जेवढी पडते तेवढीच जमीन तिच्याखालून दूर होते. पडणं संपतच नाही. ४०० किलोमीटर उंचीवर हा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर भरतो. आरमोरी ते गडचिरोली चार-पाच सेकंदांत, आरमोरी ते नागपूर पंधरा-सोळा. न्यूटननं हे सतराव्या शतकात कागदावर मांडलं होतं. उंच डोंगरावरून तोफगोळा पुरेशा वेगानं मारला तर तो कधीच जमिनीला लागणार नाही, असं त्यानं लिहिलं. पहिला गोळा, म्हणजे पहिला कृत्रिम उपग्रह, प्रत्यक्ष तसा फिरायला १९५७ चा ऑक्टोबर उजाडला.

आता नंदीचा हिशेब करू. १०० ग्रॅमचा नंदी ४०० किलोमीटर उचलायला किती ऊर्जा लागेल? विजेच्या एका युनिटाचा साधारण दहावा भाग. आणि त्याला तो वेग द्यायला? युनिटाचा आठ दशांश. दोन्ही मिळून एका युनिटाहून कमी. म्हणजे घरात पंखा दिवसभर चालायला जेवढी वीज लागते, तेवढ्यात नंदी पृथ्वीभोवती फिरू लागेल. फुग्यानं नेलं तर यातला उंचीचाच वाटा मिळतो, आणि तोही थोडा. आठपट मोठा असलेला वेगाचा वाटा फुगा देऊच शकत नाही.

एक युनिट वीज सहज मिळते, मग अडतं कुठे? रॉकेटला स्वतःचं इंधन स्वतःच उचलावं लागतं, आणि ते इंधन उचलायला आणखी इंधन लागतं. इस्रोचं पीएसएलव्ही उड्डाणाच्या वेळी ३२० टन असतं आणि ध्रुवीय कक्षेत पावणेदोन टन पोहोचवतं. म्हणजे नंदीच्या १०० ग्रॅमच्या वाट्याला १८ किलोहून अधिक रॉकेट येतं. त्यातलं बहुतेक जळून जातं. उरलेलं एक तर समुद्रात पडतं, नाहीतर वरच फिरत राहतं.

वर फिरत राहिलेल्याचं पुढे काय होतं, हे आरमोरीच्या परिसरातल्या लोकांना पुस्तकात शोधावं लागत नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश आणि मध्य प्रदेशातल्या लोकांनी आकाशात प्रकाशाची एक मोठी रेघ सरकताना पाहिली. तिचे तुकडे होत होते, ठिणग्या मागे राहत होत्या. वैनगंगेपलीकडे चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात, आरमोरीपासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर, लाडबोरी गावात तीनेक मीटर व्यासाचं, चाळीस किलोच्या आसपासचं धातूचं कडं येऊन पडलं. पुढच्या दिवसांत तालुक्यातल्या गावांच्या शिवारांत आणि जंगलात फूट-दीड फूट व्यासाचे पोकळ गोळे सापडले. कुणालाही इजा झाली नाही. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन ते पाहून गेले.

अंतराळातल्या वस्तूंचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी ही वस्तू ओळखली: चीनच्या चांग झेंग ३-बी रॉकेटचा तिसरा टप्पा. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यानं एक उपग्रह वर सोडला होता. त्यानंतर तो रिकामा टप्पा लांबट कक्षेत फिरत राहिला. एका टोकाला पृथ्वीपासून हजारो किलोमीटर दूर, दुसऱ्या टोकाला वातावरणाच्या विरळ कडेला घासून. दर घासणीत थोडा वेग कमी, दर फेरीत दूरचं टोक थोडं जवळ. असं चौदा महिने. शेवटी विरळ हवेनंच त्याला खाली आणलं.

ती रेघ लोकांना एवढा वेळ दिसली याचं कारणही वेगातच आहे. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं येते आणि बहुधा डोळ्याचं पातं लवेपर्यंत विझते. कक्षेतून उतरणारी वस्तू आठच्या आतल्या वेगानं, जवळजवळ आडवी येते, म्हणून ती या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत शांतपणे सरकत जाते. आकाशात पुन्हा असं काही दिसलं तर सेकंद मोजावेत. उल्का की यान, हे तेवढ्यावरून बरंचसं कळतं.

आणि आता ऊर्जेचा हिशेब उलटा मांडा. कक्षेच्या वेगानं जाणाऱ्या प्रत्येक किलोत, त्याच वजनाच्या टीएनटी स्फोटकाच्या सातपट ऊर्जा असते. लाडबोरीच्या कड्यातही ती होती. मग गावात खड्डा का पडला नाही? कारण जवळजवळ सगळी ऊर्जा वाटेतच, ऐंशी-सत्तर किलोमीटर उंचीवर, हवेला तापवण्यात खर्च झाली. गुढीपाडव्याला लोकांनी पाहिलेला प्रकाश म्हणजे चौदा महिन्यांपूर्वी चीनमध्ये जाळलेल्या इंधनाची परतफेड होती. वेग संपलेलं कडं मग साध्या पडणाऱ्या वस्तूसारखं खाली आलं. पोकळ गोळे का वाचले, तेही समजून घेण्यासारखं आहे. हे रॉकेटच्या टाक्यांत दाब टिकवणारा वायू साठवण्यासाठी असतात, हवेच्या शेकडो पट दाब सोसायला बनवलेले. गोल, हलके आणि मजबूत असल्यामुळे ते हवेत लवकर मंदावतात आणि जळण्याआधीच थंड होतात. जगात जिथे जिथे रॉकेटचे अवशेष सापडले, तिथे हे गोळे पुन्हा पुन्हा सापडले आहेत.

आता वाटतं, नंदी लाकडाचा आहे ते किती बरं! इथे जपानमधली एक गोष्ट सांगायलाच हवी. क्योटो विद्यापीठ आणि सुमितोमो फॉरेस्ट्री या कंपनीनं मिळून लाकडाचा उपग्रह बनवला. नाव लिग्नोसॅट. दहा सेंटिमीटरची लाकडी पेटी, मॅग्नोलियाच्या, म्हणजे जपानी होनोकीच्या लाकडाची, आणि जोड खिळे-गोंद न वापरता सुतारांच्या जुन्या पद्धतीनं खाचा पाडून बसवलेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो अंतराळ स्थानकावर गेला. आधी लाकडाचे नमुने स्थानकाबाहेर दहा महिने ठेवून बघितले होते. ते कुजले नाहीत, तडकले नाहीत. कुजायला हवा, पाणी आणि बुरशी लागते, आणि तिथे यातलं काही नाही. पण खरा उद्देश परतीच्या वाटेचा होता. धातूचे उपग्रह जळताना ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक भुकटी वरच्या हवेत सोडतात, आणि उपग्रहांची संख्या वाढत चालली तशी ती साठत जाईल अशी काळजी शास्त्रज्ञांना आहे. लाकूड पूर्ण जळून जातं. खाली कुणाच्या शिवारात कडं पडत नाही.

बल्लारपूरच्या आणि आलापल्लीच्या सागवानाला देशभर मागणी आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी इथूनच सागवान गेलं. त्याच लाकडाचा नंदी कक्षेत जाऊ शकेल का? तत्त्वतः काहीच अडचण नाही. आणि परत येताना तो एका लहानशा उल्केसारखा चमकून हवेत मिसळून जाईल. मुलांना हे आवडेल की वाईट वाटेल, मला सांगता येत नाही. माझ्या मते दोन नंदी हवेत. एक न परतण्यासाठी, आणि एक फुग्याचा, घरी येणारा.

न परतणाऱ्यांत आपल्याकडचं काही आधीच आहे. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघालेल्या दोन व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत मराठीतला एक नमस्कार आहे, आणि गोव्याच्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी. व्हॉयेजर-१ निघाल्यावर अकराव्या दिवशी केसरबाई मुंबईत गेल्या. तो आवाज आता सौरवाऱ्यापलीकडे, ताऱ्यांमधल्या पोकळीत आहे. त्या यानांना परत आणणारी हवा त्यांच्या वाटेवर नाही.

घरी येणाऱ्या नंदीसाठी मात्र तयारी करावी लागेल. हवेत काहीही सोडायचं तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची आणि नागपूरच्या विमान वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी आधी. आपल्या डोक्यावरून रात्रंदिवस विमानं जातात, आणि पाचशे ग्रॅमची पेटीही इंजिनाला जड पडू शकते. वजन कमी ठेवायचं, छत्री नीट तपासायची. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अंतराळातून पडलेल्या वस्तूनं नुकसान केलं तर ती सोडणाऱ्या देशाला भरपाई द्यावी लागते. फुग्याला तो करार लागत नाही, पण त्यातला विचार लागू आहे: सोडणाऱ्यानं खालच्या माणसाचा विचार करायचा.

महिना जानेवारीचा चांगला. धान कापून झालेला असतो, बांध्या मोकळ्या असतात, आकाश निरभ्र. हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटरवरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून पेटी छत्तीसगडच्या दिशेला जाईल. कदाचित जंगलात पडेल, आणि वाघाच्या जंगलात पोरांनी पेटी शोधायला जाऊ नये. वनखात्याला आधी सांगून ठेवायचं. सापडली तर सरपण आणायला गेलेल्या एखाद्या बाईला सापडण्याची शक्यता मोठी. हैदराबादचं फुगा केंद्र दर मोसमाआधी जाहीर निवेदन देतं की यंत्रं सापडली तर उघडू नका, ओढू नका, पोलिसांना कळवा, बक्षीस मिळेल. नंदीच्या पेटीवरही तसंच लिहायचं: मराठीत, हिंदीत आणि गोंडीत. यात शाळकरी मुलांचा प्रयोग आहे. धोका नाही. नंदी आमचा आहे. या नंबरवर फोन करा. लाडबोरीच्या त्या संध्याकाळनंतर या भागात आकाशातून पडलेल्या पेटीवर असं लिहिलेलं असणं हे सौजन्यच आहे.

आणि पेटी हाती आली की चित्रफितीच्या आधी तापमानाचे आकडे काढायचे. नंदीच्या पोटाखाली चिकटवलेल्या तापमापकानं दर दहा सेकंदांनी एक आकडा नोंदवलेला असेल. उंची आडव्या रेषेवर, तापमान उभ्या रेषेवर, असा आलेख वहीत काढायचा. रेषा खाली खाली उतरत जाईल आणि एका ठिकाणी वळून वर चढू लागेल. त्या वळणाची उंची मोजायची. १६ आहे की १७, की मधलं काही? त्याच दिवशी नागपूरहून हवामान विभागानं सोडलेल्या फुग्याचे आकडेही मिळतात. ते शेजारी मांडायचे. दोन्ही आकडे जुळले तर आरमोरीच्या पोरांनी आपल्या गावावरचं वातावरणाचं छत स्वतः शोधलेलं असेल. जुळले नाहीत, तर नंदीवर पडणाऱ्या उन्हानं तापमापक किती चढवलं ते काढायला पुढच्या वर्षी त्याच्यावर पांढऱ्या रंगाचं छप्पर बसवायचं आणि पुन्हा सोडायचा.